बोटभर आखूड

हातोडाफेकीतल्या हातोड्याला हातोडा का म्हणतात, हे तिला कुणी कधी नीट सांगितलं नाही. लोखंडाचा एक गोळा, त्याला जोडलेली सरळ पोलादी तार आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला धरायला तिकोनी मूठ. बस्स. शाळेतल्या सरांनी पहिल्यांदा तो घरी न्यायला दिला, तेव्हा तिच्या बाबांनी तो फरशीवर ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "हा हातोडा? मग सरांना म्हणावं, याने एक खिळा ठोकून दाखवा."

"बाबा, ठोकायचा नसतो. गोल फिरून लांब फेकायचा असतो."

"आणि आणायला कोण जातं?"

"मीच."

"म्हणजे आपणच फेकायचं, आपणच उचलून आणायचं. चांगला उद्योग शोधलास."

आई आतून म्हणाली, "घरातला केर फेकायला सांगितला की मात्र हिचा हात दुखतो."

त्याआधी ती गोळाफेकीत होती आणि त्यात तिचं फारसं काही होत नव्हतं. अंगात जोर होता, पण तो एका झटक्यात बाहेर काढणं तिला जमत नसे. हातोड्याचं तसं नव्हतं. सिमेंटच्या वर्तुळात उभं राहायचं, डोक्याभोवती गोळा फिरवायचा, मग त्याच्याबरोबर स्वतःच गिरक्या घ्यायच्या, प्रत्येक गिरकी आधीपेक्षा वेगाने, आणि शेवटी सोडून द्यायचा. इतर मुलींना दुसऱ्या गिरकीलाच चक्कर यायची. हिला यायची नाही. गल्लीतली मुलं तिला भिंगरी म्हणायला लागली. सुरुवातीला चिडवायला, नंतर सवयीने. पुढे स्पर्धेच्या गावी अनोळखी माणसंसुद्धा "भिंगरी कोण ती?" असं विचारत यायची आणि समोर उभी असलेली आडव्या खांद्यांची, ठेंगणी, लाजरी मुलगी पाहून जरा खट्टू व्हायची.

बाबा क्रेनचे आणि लिफ्टचे दोर बनवणाऱ्या कारखान्यात होते. पोलादी तारा पिळून दोर करायचा, त्याची टोकं वळवून कडी करायची, मापाने तोडायचा. मापाचं काम बाबांकडे होतं. या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. नवा दोर असो की नुसती तार, त्याचं पहिलं माप खरं नसतं. टोकाची वळवलेली कडी सुरुवातीला गोल असते. वजन पडलं की ती ओढली जाऊन लांबट होते आणि तेवढी तार वाढते. कारखान्यात याला तार बसणं म्हणतात. म्हणून बाबा नवी तार आधी तुळईला टांगायचे, खाली जड वजन लावायचे, ती पूर्ण बसू द्यायचे आणि मगच मापायचे. घाई असेल आणि टांगायला वेळ नसेल, तर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आखूड करायचे. बसल्यावर ती आपोआप मापाला यायची.

घरात कुणी भांडून आलं, कुणी रागाने काही ठरवायला लागलं, की बाबा म्हणायचे, "थांबा, तार बसू द्या." आई वैतागायची. "तुमची तार बसेपर्यंत माणूस म्हातारं होतं," म्हणायची.

भिंगरीच्या हातोड्याच्या तारा बाबाच करायला लागले. बाजारात त्या मिळत होत्या, पण बाबांना त्यांची वळणं पसंत नव्हती. "ही कडी आहे का? ही तर जांभई आहे," असं म्हणून त्यांनी पहिली विकतची तार बाजूला ठेवली. हातोड्याची तार सतत बदलावी लागते. गोळा जमिनीवर आपटला की ती कधी वाकते, कधी मुरगळते, आणि मुरगळलेली तार पुन्हा वापरली तर फिरवता फिरवता तुटू शकते. त्यामुळे कारखान्याच्या तुळईला मोठ्या दोरांच्या शेजारी एक बारीक तार नेहमी लटकत असे. कामगार ती दाखवून म्हणायचे, "हे पोरीचं चाललंय. हात लावू नका, बाप चावतो."

हातमोजा आईने शिवला होता. डाव्या हाताचा, जाड चामड्याचा, बोटांची टोकं उघडी. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती, तिथल्या फाटक्या चादरी शिवायचं जाड सुताचं यंत्र तिच्या हाताखाली होतं. दर थोड्या महिन्यांनी मोजा फाटायचा आणि आई म्हणायची, "दुसऱ्यांच्या मुली रुमालांवर फुलं काढतात. माझ्या नशिबी ही ढोराची कातडी."

मैदान म्हणजे फुटबॉलचं मैदान होतं. हातोडाफेकीसाठी वेगळी जागा नव्हती. एका कोपऱ्यात वर्तुळ आणि त्याभोवती उंच जाळीचा पिंजरा. गोळा पडला की गवतात हातभर खड्डा व्हायचा आणि राखणदार शिट्टी वाजवत यायचा.

"भिंगरी, मी इथे गवत लावतो का बटाटे?"

"बुजवते, काका."

"नुसतं बुजवू नकोस, वर गवत लाव. परवा त्या खड्ड्यात रेफ्रीचा पाय मुरगळला. शिव्या मला बसल्या."

ती वाळू आणि मातीची बादली घेऊन प्रत्येक फेकीमागे जायची. गोळा उचलायचा, खड्डा भरायचा, पायाने दाबायचा, परत यायचं. सगळी संध्याकाळ त्यात जायची. मैदानावरचे तिचे प्रशिक्षक म्हणायचे, "हिची अर्धी ताकद माळीकामात जाते." पण ते कौतुकानेच म्हणत. ती पुढे जात होती. आधी जिल्ह्यात, मग सगळ्या प्रांतात तिच्या पुढे कुणी उरलं नाही. शाळा संपली, ती पार्सलच्या गोदामात कामाला लागली, सकाळी पेट्या उचलायची आणि संध्याकाळी गोळा. गोदामातले सोबती तिला क्रेन म्हणत. तिथेही ती हसायची.

मग निवडीची स्पर्धा आली. त्यात ठरवून दिलेल्या रेषेपलीकडे गोळा गेला तर देशाच्या संघात जागा, राजधानीतल्या शिबिरात राहणं-खाणं, परदेशातल्या स्पर्धा आणि पुढे खेळाडूंसाठी राखलेली कायमची नोकरी. सरावात ती त्या रेषेच्या अगदी अलीकडे पोचत होती. कधी वीतभर कमी, कधी हातभर. तिला रात्रंदिवस ती वीतच दिसत असे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात तार मुरगळली. टांगून ठेवलेली दुसरी तार आठवड्यापूर्वीच वापरून झाली होती. बाबांनी कारखान्यातून तारेचा तुकडा आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तार घट्ट पकडायचा शिकंजा बसवून ते संध्याकाळी तार वळायला बसले. ती शेजारी उभी होती.

नियमात हातोड्याच्या पूर्ण लांबीला वरची मर्यादा असते. तेवढी लांबी सगळ्यांनाच हवी असते, कारण तार जितकी लांब तितका गोळा मोठ्या वर्तुळात फिरतो आणि सुटताना अधिक वेगाने सुटतो. बाबांनी एक कडी वळली, मूठ अडकवली, पट्टी लावली आणि दुसऱ्या कडीसाठी पेन्सिलीची खूण केली.

"ही खूण कमी घेतलीत," ती म्हणाली.

"सूतभर कमी घेतोय. टांगायला वेळ कुठे आहे? उद्या चार वेळा फिरवलीस की येईल मापाला."

"चार वेळा फिरवेपर्यंत माझी स्पर्धा संपेल, बाबा. या वेळी सूत राखू नका."

"अगं, तार बसलेली नाही."

"एका दिवसाची तर गोष्ट आहे. एवढी कुठे वाढणार आहे ती?" ती पट्टीकडे पाहत म्हणाली, "बाबा, मला तेवढंच कमी पडतंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आई दारात भांडी पुसत होती, तिने दोघांकडे पाहिलं आणि आत गेली. बाबांनी अंगठ्याने पेन्सिलीची खूण पुसली, सूतभर पुढे नवी खूण केली आणि तार वळली. आयुष्यभर त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून, मालकाच्यासुद्धा, न बसलेली तार पुरत्या मापाने तोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या टेबलावर हातोडा मापात बसला. पंचांनी त्यावर शिक्का मारला. पहिल्या फेकी बऱ्या गेल्या. आणि मग एक अशी फेक झाली, की गोळा हातातून सुटला तेव्हा तिला त्याचं वजन जाणवलंच नाही. तो उंच गेला, रेषेच्या वर गेला, आणि पलीकडे पडला. नुसता पलीकडे नाही, चांगला पलीकडे. कर्ण्यावरून स्पर्धेचा नवा विक्रम म्हणून जाहीर झालं. कुंपणापाशी उभे असलेले बाबा टोपी काढून नुसते उभे राहिले. त्यांना टाळ्या वाजवणं सुचलं नाही.

विक्रम झाला की हातोडा पुन्हा मापतात. हे तिला माहीत होतं. प्रशिक्षकांना माहीत होतं. बाबांनाही माहीत असावं, पण विक्रम होईल असं त्या ओट्यापाशी कुणी धरून चाललंच नव्हतं.

पंचांनी पट्टी लावली. पुन्हा लावली. दुसऱ्या पंचांना बोलावलं. हातोडा मर्यादेपेक्षा लांब भरला. किती, तर नखाच्या जाडीएवढा. दोन्ही कड्या आता गोल नव्हत्या, लांबट झाल्या होत्या. त्या हातोड्याच्या सगळ्या फेकी बाद झाल्या. तिने दिवसभर दुसरा हातोडा हातात घेतलाच नव्हता, त्यामुळे निकालात तिच्या नावापुढे काहीच उरलं नाही.

प्रशिक्षक लालबुंद झाले होते. "ही तार कुणी केली?" त्यांनी विचारलं. भोवती पंच होते, इतर मुली होत्या, कुंपणापासून धावत आलेले बाबा होते.

"बाबांनी," ती म्हणाली.

ते खरंच होतं. पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, पण ते बाहेर पडायच्या आत प्रशिक्षक बाबांकडे वळले. "अहो, जन्म गेला ना तुमचा या कामात? न बसलेली तार दिलीत पोरीला?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "चुकलं माझं," ते म्हणाले.

 घरी आईने न बोलता ताटं वाढली, आणि आई बोलत नाही याचा अर्थ तिला सगळं ठाऊक आहे, एवढं भिंगरीला कळत होतं. तिने ठरवलं, उद्या सांगू, सगळ्यांना सांगू की मीच म्हणाले होते. पण उद्या प्रशिक्षकांचा राग तसाच होता. परवा वर्तमानपत्रात बारीक अक्षरात बातमी आली, त्यात 'वडिलांच्या चुकीमुळे' असे शब्द होते. मग वेळ अशी गेली, की आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, हेच मोठं झालं असतं.

कारखान्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. कामगारांनी थट्टा केली, मनात काही न ठेवता, जशी ते सगळ्यांची करत. "मापवाले, जरा माझ्या पगाराचं माप घ्या ना, वाढवून घ्या." बाबा हसले. पण त्या दिवसापासून ते दोर पुन्हा पुन्हा मापायला लागले. मापून झालेला दोर परत टांगायचे. लिफ्टवाले दारात थांबून राहायचे, मुकादम येऊन गोड बोलायचा, मग कडू बोलायचा. वर्ष संपायच्या आत मापाचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि बाबांना कोठारात बसवलं, जिथे काही मापायचं नसतं, नुसतं दिलं-घेतलं पाहायचं असतं. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान आधीच गेलेले होते. कोठाराच्या शांततेत ते आणखीच कमी ऐकायला लागले, किंवा ऐकायचं त्यांनी सोडलं.

एक काम मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. भिंगरीच्या तारा तेच करत राहिले.

स्पर्धेनंतरची पहिली तार दोन सूत आखूड होती. ती तिला हातात घेताच कळली. टांगलेली होती, बसलेली होती, आणि तरीही दोन सूत. पुढची त्याहून कमी. बाबांच्या मनातलं भय दर वेळी थोडी थोडी तार काढून घेत होतं. काही वर्षांत तार चांगली बोटभर आखूड झाली. बोटभर म्हणजे पाहणाऱ्याला काहीच नाही. पण गिरकीत गोळा जवळून फिरतो, त्याची ओढ बदलते, पायांचा ठेका बदलावा लागतो आणि जमिनीवर पडेपर्यंत त्या बोटाची मोठी ढांग होते.

प्रशिक्षकांनी एकदा तार पट्टीवर धरली. "ही काय थट्टा आहे? बाजारातून घे चांगली."

"असू द्या, सर."

"असू द्या काय? तू बोटभर कमी घेऊन उतरतेस, बाकीच्या पुरत्या मापाने."

"माझीच फेक कमी पडते आहे, सर. तारेचं काही नाही."

तिने बाबांना "थोडी लांब करा" एवढंच म्हणायला हवं होतं. तीन शब्द. पण तेच तर ती एकदा म्हणाली होती. आणि विकतची तार आणली असती, तर तुमच्या हातावर आता माझाही विश्वास नाही, असं तिने त्यांना तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं. तुळईची जागा गेल्यापासून बाबा घरीच, जिन्याखालच्या खांबाला तार टांगायचे आणि खाली पाण्याने भरलेलं पिंप लावायचे. येणारे-जाणारे पिंपाला अडखळायचे. ती कधी अडखळली नाही, बाजूने जायची.

ती खेळत राहिली. निवडीला दर वेळी जायची आणि दर वेळी परत यायची. तिच्यापेक्षा लहान मुली, ज्यांना तिने गिरकी शिकवली होती, शिबिराला जाऊन आल्या, त्यांना नोकऱ्या लागल्या. गोदामात ती पेट्या उचलत होती. गुडघा दुखायला लागला. राखणदार काका निवृत्त झाले, नवा आला, तो खड्ड्यांबद्दल तक्रारसुद्धा करत नसे, कारण आता खड्डे मैदानाच्या फार आत पडतच नव्हते. आई कधीमधी म्हणायची, "पुरे कर आता." पण मोजा शिवून द्यायची.

शेवटच्या निवडीच्या सकाळी, यानंतर वयामुळे कुणी तिला बोलावणार नव्हतं, प्रशिक्षकांनी कपडे बदलायच्या खोलीबाहेर तिला गाठलं. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली विकतची नवी तार होती. पुरत्या मापाची, बनवतानाच ताणून बसवलेली.

"मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "पण आज तरी."

ती तार हातात घेऊन बराच वेळ बाकावर बसली. मग तिने बाबांची तार गोळ्यावरून काढून पिशवीत ठेवली आणि विकतची लावली. हातोडा तपासला गेला, शिक्का बसला.

गोळा लांब गेला. गेल्या काही वर्षांत गेला नव्हता इतका लांब, एक मोठी ढांग लांब. बोटभर तारेचा हिशोब तिने मनात केलेला होता तसाच. पण रेषा त्याच्याही बरीच पुढे होती. तिने सगळ्या फेकी घेतल्या आणि प्रत्येक वेळी गोळा रेषेच्या अलीकडेच पडला. शेवटच्या फेकीनंतर ती खड्डा बुजवायला गेली नाही. ते काम करायला आता माणसं होती.

बाबा कुंपणाबाहेरच्या बाकावर होते. कर्णा त्यांना नीट ऐकू येत नव्हता आणि फलकावरचे आकडे तिथून दिसत नव्हते. त्यांनी सवयीने तिची पिशवी घेतली, टॉवेलाखाली हात घातला आणि आपली तार बाहेर काढली. तिला मातीचा कण लागलेला नव्हता.

"दुकानातली लावलीस?"

"हो, बाबा."

"बरं केलंस." त्यांनी तार उलटसुलट पाहिली. "किती गेला?"

ती शेजारी बसली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "नेहमीइतकाच."

"नेहमीइतकाच?"

"हो. काही फरक नाही."

 बाबांचे खांदे खाली आले, जसे जड काही उतरवून ठेवल्यावर येतात. "म्हणजे तारेचं नव्हतं तर," ते म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटायचं, मीच आखूड करतोय, मीच पोरीला मागे ओढतोय. पण हात धजायचा नाही गं. पट्टी लावली की हात मागे यायचा."

"तारेचं नव्हतंच, बाबा. मीच कमी पडले."

"वय होतं माणसाचं," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी सुटल्यासारखं काही होतं. ते तिला पाहवेना, आणि तिने नजरही काढली नाही.

मग ती म्हणाली, "आणि त्या वेळचं. सूत राखू नका असं मीच म्हणाले होते. मी कुणालाच सांगितलं नाही."

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. बाकावरची दुसरी माणसं वळून पाहायला लागली.

"ते माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "मी तिथेच होतो ना."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? पोरीने हट्ट केला म्हणून सांगायचं? पट्टी माझ्या हातात होती. पोरी काहीही मागतात. न देणं हे माझं काम होतं."

"पण चूक माझी होती."

"तुझी नाही," बाबा जरा कडक आवाजात म्हणाले. तो आवाज कारखान्यातला होता, कोठाराच्या आधीचा. "मापाची चूक मापणाऱ्याची. त्यात वाटेकरी नसतो. तेवढी तरी राहू दे माझी."

तिने मान हलवली. आत तिसऱ्या गटाच्या मुली पिंजऱ्यात उतरत होत्या. बाबांनी पिशवी खांद्याला लावली, तार हातात तशीच धरली आणि म्हणाले, "चल. आई वाट पाहत असेल."

बसमध्ये गर्दी होती. ती एका बाजूला उभी राहिली, बाबा दुसऱ्या बाजूला, तार छातीशी उभी धरून. कंडक्टरने ती पाहिली.

"काय हो काका, लोकांच्या डोळ्यांत जाईल. काय आहे हे?"

"मुलीचं आहे," बाबा म्हणाले. "आता लागणार नाही तिला."